लखनौची जुनी पत्रे आणि त्यांवरील टपाल शिक्के

लखनौच्या हजरतगंज भागातील मुख्य टपाल कार्यालयाची घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत त्या शहरात येणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीस पडते. १९२० च्या दशकात येथे रिंग थिएटर होते व काकोरी खटल्याचे कामकाज तेथे चालले. पुढे १९२९ ते १९३२ या काळात या वास्तूला टपाल कार्यालयाचे रूप देण्यात आले. आज तेथे टपाल तिकीट संग्राहकांसाठी फिलाटेली ब्युरो आहे. नव्या तिकिटांसाठी व प्रथम दिवस आवरणांसाठी तेथे येणाऱ्यांचा वर्ग मोठा आहे. मात्र या छंदाची एक शाखा अशी आहे की तिला तिकिटाची गरजच नसते. तिकिटे निघण्यापूर्वीच्या, किंवा ती निघाल्यानंतरच्या पहिल्या काही दशकांतील पत्रांवर टपाल खात्याने उमटवलेले शिक्के हा तिच्या अभ्यासाचा विषय आहे. अमेरिकेत १८४७ पूर्वीची, म्हणजे तिकिटाविना गेलेली पत्रे जमविणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. भारतातील अशा पत्रांचा इतिहास त्याहून कमी रंजक नाही, आणि त्यात लखनौला स्वतंत्र स्थान आहे.

ईस्ट इंडिया कंपनीची टपालव्यवस्था सर्वसामान्य जनतेसाठी १७७४ मध्ये वॉरन हेस्टिंग्ज यांच्या कारकिर्दीत खुली झाली. शंभर मैलांना दोन आणे हा त्या वेळचा किमान दर होता. हंशील रोखीने भरणे सोयीचे व्हावे यासाठी दोन आणे किमतीची तांब्याची नाणेवजा तिकिटे पाडण्यात आली. त्यांच्या एका बाजूस इंग्रजी, तर दुसऱ्या बाजूस फारसी अक्षरे असून पाटणा शहराचे अझीमाबाद हे नाव तिथे आढळते. १८३७ च्या कायद्याने टपाल वाहून नेण्याचा एकाधिकार सरकारकडे आला. आकारणी पत्राचे वजन आणि अंतर या दोहोंवर होत असे. एक तोळा वजनाच्या पत्रास कोलकात्याहून आग्र्यापर्यंत बारा आणे आणि मुंबईपर्यंत एक रुपया पडत असे, अशी नोंद टपाल खात्याचे इतिहासकार जेफ्री क्लार्क यांनी १९२१ च्या आपल्या ग्रंथात केली आहे. त्या काळी सामान्य माणसाने दूरच्या नातलगास पत्र पाठवणे ही चैन होती.

पाकिटाची पद्धत तेव्हा रूढ नव्हती. मजकुराचाच कागद घडी करून लाखेने अथवा खळीने बंद केला जाई व कोऱ्या राहिलेल्या घडीवर पत्ता लिहिला जाई. अशा कागदावर साधारणपणे तीन प्रकारच्या खुणा सापडतात. पहिली खूण पत्र जिथे टाकले त्या गावाच्या नावाची, दुसरी हंशीलाच्या आकड्याची. हा आकडा बहुधा हाताने लिहिलेला असतो. तिसरी खूण पैसे कोणी द्यावयाचे हे सांगणारी. पाठविणाऱ्याने पैसे भरले असतील तर ‘पेड’ आणि ते स्वीकारणाऱ्याकडून वसूल करायचे असतील तर ‘बेअरिंग’. भरलेल्या पत्रासाठी तांबडी शाई व न भरलेल्यासाठी काळी असा संकेत होता. त्यामुळे अक्षरे पुसट झाली तरी शाईच्या रंगावरून बराच उलगडा होतो.

भाषेच्या अभ्यासकास येथे थोडे थांबावेसे वाटते. ‘बेअरिंग’ हा कचेरीतला शब्द उत्तर भारताच्या बोलीत ‘बैरंग’ झाला. रिकाम्या हाताने परतणे या अर्थी ‘बैरंग लौटना’ हा वाक्प्रचार लखनौच्या बोलण्यात आजही ऐकू येतो. पैसे देण्यास नकार मिळालेले पत्र जसे आल्या पावली परत जाई, तसे. मराठीने मात्र त्याच पत्राला ‘नॉटपेड’ म्हटले आणि तो शब्द तसाच घरोघरी रुळला. ‘डाक’ आणि ‘टपाल’ या शब्दांचेही असेच. उत्तरेत व बंगालमध्ये डाक, तर मुंबई आणि मद्रास इलाख्यात टपाल, अशी वाटणी जुन्या कागदपत्रांत स्पष्ट दिसते. लखनौच्या व्यापाऱ्याचे पत्र पुण्यास आले की वाटेत त्याची डाक संपून टपाल सुरू होई, असे गमतीने म्हणता येईल.

लखनौची स्थिती इतर शहरांपेक्षा वेगळी होती. १८५६ पर्यंत ती अवधच्या स्वतंत्र राज्याची राजधानी होती. नवाबांच्या दरबाराचे हरकारे व बातमीदार निराळे आणि कंपनीच्या रेसिडेन्सीतून चालणारे टपाल निराळे. हरकाऱ्यांनी नेलेल्या दरबारी पत्रांवर कंपनीचा टपाल शिक्का नसतो. तेथे धन्याची मोहोर असते. महाराष्ट्रातील वाचकांना हे चटकन उमगेल, कारण पेशवाईतील जासूदजोड्यांनी पोहोचवलेली पत्रेही अशीच आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमालांमध्ये बांधलेली मोडी पत्रे इतिहासकारास सर्व काही सांगतात, पण ती वाटेत कोणत्या दिवशी कुठे होती हे सांगणारा सरकारी शिक्का त्यांवर नाही. कंपनीच्या टपालाने हीच एक भर घातली. पत्राच्या प्रवासाचा तटस्थ साक्षीदार पत्रावरच उमटू लागला.

या साक्षीदाराचे महत्त्व तिथीच्या घोळात कळते. लखनौचे सावकार विक्रम संवत लिहीत आणि त्यांचा महिना पौर्णिमेला संपे. दक्षिणी मंडळींचा शक शालिवाहनाचा आणि महिना अमावास्येला संपणारा. त्यामुळे आपल्या कार्तिक वद्यात लिहिलेल्या पत्रावर लखनौकर मार्गशीर्ष कृष्ण लिहितो. दरबारी कागदांवर हिजरी सन असे, तर महसुली कागदांवर फसली. अशा वेळी मागील बाजूस इंग्रजी तारखेचा ठसठशीत शिक्का असेल तर संशोधकाचा निम्मा वाद मिटतो.

लॉर्ड डलहौसी यांच्या कारकिर्दीत १८५० मध्ये नेमलेल्या तीन सदस्यीय आयोगाच्या शिफारशींवरून १८५४ ची टपाल सुधारणा झाली. स्वतंत्र महासंचालकांचे पद निर्माण होऊन त्यावर रिडेल यांची नियुक्ती झाली. त्या वेळी देशात ७०१ टपाल कार्यालये होती. १ ऑक्टोबर १८५४ पासून अंतराचा विचार न करता देशभर एकच दर लागू झाला. पाव तोळ्यास अर्धा आणा, अर्ध्या तोळ्यास एक आणा, एक तोळ्यास दोन आणे. आग्र्याचे बारा आण्यांचे पत्र दोन आण्यांवर आले. न भरलेल्या पत्रास मात्र दुप्पट आकार पडे, आणि लोकांनी तिकीट लावण्याची सवय करावी हाच त्यामागचा हेतू होता. कराचीत बार्टल फ्रिअर यांनी १८५२ मध्ये काढलेल्या ‘सिंध डाक’ तिकिटांनंतर संपूर्ण देशासाठी निघालेली ही पहिली तिकिटे. कोलकात्याच्या सर्वेक्षण कार्यालयात कॅप्टन थुइलियर यांच्या देखरेखीखाली त्यांतील बहुतेक शिळाछापावर छापण्यात आली.

तिकीट आले तसे शिक्क्याचे कामही पालटले. एकदा वापरलेले तिकीट धुऊन पुन्हा चिकटवले जाऊ नये म्हणून ते रद्द करणे आवश्यक झाले. सुरुवातीस त्यासाठी ठिपक्यांचे अथवा रेघांचे चौकटवजा ठसे वापरले गेले. ते कुठल्या गावचे हे त्यांवरून कळत नसे. थोड्याच काळात प्रत्येक कार्यालयास क्रमांक देण्यात आला आणि रेघांच्या अष्टकोनात अगर चौकटीत तो क्रमांक उमटू लागला. त्या काळी भारतीय तिकिटे सिंगापूर, पेनांग, एडन अशा ठिकाणीही चालत. सिंगापूरचा ‘बी १७२’ आणि एडनचा ‘१२४’ हे क्रमांक संग्राहकांमध्ये सर्वश्रुत आहेत. भारताचे तिकीट आणि त्यावर सिंगापूरचा आकडा, हे कोडे उलगडल्यामुळेच पुढे ‘परदेशात वापरलेली भारतीय तिकिटे’ हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय बनला.

कोणता आकडा कोणत्या गावाचा हे अभ्यासकांना कसे कळले, असा प्रश्न वाचकांना पडेल. याचे उत्तर संपूर्ण पत्रात आहे. तिकिटावर क्रमांकाचा ठसा आणि पत्राच्या मागील बाजूस गावाचे नाव व तारीख असलेला गोल शिक्का, अशी जोडी असे. दोन्ही खुणा एकाच कागदावर असल्या तर आकडा आणि नाव जुळते. अशी पत्रे एकामागून एक पडताळून याद्या तयार झाल्या. या कामात मुंबईचे जाल कूपर यांचा वाटा फार मोठा आहे. आरंभीच्या भारतीय शिक्क्यांचे त्यांनी केलेले वर्गीकरण आजही संग्राहकांच्या हाताशी असते. १८९७ मध्ये स्थापन झालेली फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया आणि १९५० मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेले इंडिया स्टडी सर्कल यांच्या प्रकाशनांनीही या ज्ञानात सातत्याने भर घातली.

याच कारणाने एका जुन्या सवयीचा विषाद वाटतो. दोन-तीन पिढ्यांपूर्वी संग्राहक तिकीट पाण्यात भिजवून सोडवीत, किंवा कात्रीने कापून घेत आणि उरलेला कागद टाकून देत. तिकीट वहीत गेले, गावाचे नाव रद्दीत गेले. क्रमांकाचा ठसा असलेले तिकीट आज हाती आहे, परंतु मागील बाजूचा शिक्का नाही, अशी असंख्य तिकिटे आढळतात. ज्या लहान कार्यालयांची मोजकीच पत्रे कधी निघाली असतील, त्यांच्याबाबतीत झालेली ही हानी आता भरून येण्यासारखी नाही.

लखनौच्या टपाल इतिहासातील सर्वांत विलक्षण काळ शिक्क्याविना आहे. ७ फेब्रुवारी १८५६ रोजी अवध खालसा झाले आणि पुढच्याच वर्षी उठावाचा वणवा पेटला. ३० जून १८५७ रोजी चिनहटच्या लढाईत इंग्रज फौजेचा पराभव झाल्यावर रेसिडेन्सीला वेढा पडला. ४ जुलै रोजी सर हेन्री लॉरेन्स मरण पावले. रेसिडेन्सीच्या आवारातील टपाल कचेरीची इमारत तोफा चढवून बचावाचे ठाणे बनली. वेढ्याच्या नकाशांवर ‘पोस्ट ऑफिस’ हे नाव मोर्चा म्हणून येते. ज्या कचेरीतून पत्रे निघायची तेथून गोळे सुटत होते, आणि आत अडकलेल्यांना बाहेरच्या जगाची कोणतीही पत्रे येत नव्हती.

या काळात निरोप नेले ते कासिदांनी. कंपनीचा निवृत्त शिपाई अंगद हा वेढ्यातून अनेक वेळा आत-बाहेर गेला. पिसाच्या पोकळ दांडीत मावेल एवढ्या चिठोऱ्यावर मजकूर लिहिला जाई, आणि चिठ्ठी पकडली गेलीच तर वाचता येऊ नये म्हणून काही इंग्रजी मजकूर ग्रीक अक्षरांत लिहिला जाई. २५ सप्टेंबर रोजी हॅवलॉक व औट्रम यांची कुमक आत पोहोचली, पण वेढा उठला नाही. ९ नोव्हेंबरच्या रात्री कचेरीतील कारकून कॅव्हना हा देशी वेषात कनौजीलाल या मार्गदर्शकासह बाहेर पडून सर कॉलिन कॅम्पबेल यांच्या छावणीत पोहोचला. कॅव्हनाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला व त्याचे नाव सर्वत्र झाले. अंगद आणि कनौजीलाल यांची नावे ग्रंथांच्या तळटिपांतून शोधावी लागतात. पत्र पोहोचवण्यासाठी जीव पणाला लावणाऱ्या या माणसांची आठवण टपालाच्या इतिहासात तरी ठळकपणे व्हावयास हवी.

संग्राहकासाठी यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. जुलै ते नोव्हेंबर १८५७ मधील लखनौ शहराच्या टपाल कार्यालयाचा नियमित तारखी शिक्का असलेले पत्र कोणी विकावयास आणले तर प्रथम संशयच घ्यावा. खऱ्या चिठ्ठीवर शिक्का असण्याचे कारण नव्हते. बनावट शिक्का ओळखण्याच्या इतर कसोट्याही बहुतांशी अशाच, साध्या हिशेबाच्या आहेत. पाव तोळा म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम. १८५५ च्या पत्रावर अर्ध्या आण्याचे तिकीट आहे आणि कागद मात्र जाड व दोन पानी, तर हिशेब जुळत नाही. त्या काळचे लोक पातळ देशी कागदावर दाटीवाटीने लिहीत, ते हंशील वाचवण्यासाठीच. १८६९ मध्ये अर्ध्या आण्याची मर्यादा अर्ध्या तोळ्यापर्यंत वाढवण्यात आली, हेही लक्षात ठेवावे लागते. दोन शिक्क्यांच्या तारखांमधील अंतरही तपासावे. कानपूर-लखनौ लोहमार्ग १८६७ मध्ये सुरू झाला. त्यापूर्वीच्या पत्राने रेल्वेच्या वेगाने हे अंतर कापलेले दिसले तर काहीतरी चुकले आहे.

आता अमेरिकेकडे वळू. १८७० च्या आरंभी ओहायो राज्यातील इझाबेला थोबर्न या मेथडिस्ट मिशनरी लखनौला आल्या आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमीनाबाद भागात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. याच शाळेतून पुढे इझाबेला थोबर्न महाविद्यालय उभे राहिले. अशा मंडळींमुळे लखनौच्या टपालात अमेरिकन शिक्के असलेली पत्रे येऊ लागली. त्या पत्रांचा मार्ग लक्षात घेण्याजोगा आहे. न्यूयॉर्कहून बोटीने ब्रिटन, तेथून युरोपातून सुएझ, मग मुंबई आणि पुढे रेल्वेने अलाहाबादमार्गे अवध. मुंबई-कोलकाता लोहमार्ग मार्च १८७० मध्येच जोडला गेला होता. मुंबई-सुएझ बोटीवर पत्रांची वर्गवारी करणारे समुद्री टपाल कार्यालय १८६८ पासून चालू होते, आणि त्याचाही शिक्का काही पत्रांवर मिळतो.

या पत्रांवरचे तांबडे-काळे आकडे नवशिक्याला गोंधळात पाडतात. अमेरिका व ब्रिटन यांच्यात १८४८ मध्ये झालेल्या टपाल करारानुसार दोन्ही देशांना एकमेकांचा हिशेब पत्रावरच मांडावा लागे. दुसऱ्या देशाला देय असलेली रक्कम तांबड्या आकड्यात आणि त्याच्याकडून येणे असलेली रक्कम काळ्या आकड्यात लिहीत. म्हणजे आपल्याकडील भरलेले-न भरलेले हाच भेद तेथे देशादेशांच्या खातेवहीत गेला. १८७४ च्या बर्न करारातून आंतरराष्ट्रीय टपाल संघ निर्माण झाला, भारत १ जुलै १८७६ रोजी त्यात सामील झाला, आणि ही गुंतागुंतीची आकडेमोड हळूहळू संपुष्टात आली. संग्राहकांना मात्र संघापूर्वीची पत्रेच अधिक प्रिय, कारण सोय झाली की खुणा कमी होतात.

मराठी माणसाला या प्रकरणात एक घरचे नाव आठवेल. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव हे टपाल खात्यातच नोकरीस होते. कोल्हापुरात असताना त्यांनी अमेरिकेतील एका मिशनरीस लिहिलेले पत्र तेथील नियतकालिकात छापले गेले आणि १८८० मध्ये ते न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आले. त्यातून सुरू झालेल्या पत्रव्यवहारामुळे आनंदीबाई १८८३ मध्ये कोलकात्याहून अमेरिकेस निघाल्या. त्यांच्या पत्रांचा मजकूर चरित्रकारांनी जपला. परंतु पत्र कोणत्या दिवशी रोझेलहून निघाले आणि किती दिवसांनी जोशी दांपत्याच्या हाती पडले, हे मजकुरापेक्षा पाकिटावरचा शिक्का अधिक नेमके सांगतो. चरित्रग्रंथांत पाकिटांची दखल क्वचितच घेतली जाते.

जुन्या घरांतील कागदांबाबत काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पत्रे सुटी करण्यापूर्वी ती ज्या क्रमाने बांधलेली आहेत तो क्रम नोंदवून ठेवावा. कागद धुऊ नये, त्यास चिकटपट्टी लावू नये, तो लॅमिनेट तर कदापि करू नये. शिक्क्याशेजारी बॉलपेनने खुणा करण्याचा मोह अनेकांना होतो. नोंद करावयाचीच असेल तर ती वेगळ्या कागदावर पेन्सिलीने करावी. गंगेच्या मैदानात आणि कोकणात पावसाळा सारखाच घातक आहे. कसर व वाळवी दोन्हीकडे सारख्याच. आम्लविरहित कागदाच्या घडीत, हवा खेळती राहील अशा जागी ठेवलेले पत्र दीर्घकाळ टिकते.

कायद्याची बाजूही माहीत असावी. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मूल्य असलेले, पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित अथवा दस्तऐवज पुरावशेष ठरू शकतात आणि खासगी व्यक्तीस ते देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातील लिलावात विक्रीस पाठवण्यापूर्वी या तरतुदीची खातरजमा करणे इष्ट.

ज्यांना प्रत्यक्ष पत्रे पाहावयाची आहेत त्यांच्यासाठी नवी दिल्लीत डाक भवन येथे राष्ट्रीय टपाल तिकीट संग्रहालय आहे. उत्तर प्रदेशात ‘यूफिलेक्स’ आणि महाराष्ट्रात ‘महापेक्स’ या नावांनी भरणाऱ्या राज्यस्तरीय प्रदर्शनांत टपाल इतिहासाचा विभाग असतो. तेथील चौकटींपुढे गर्दी कमी असते. रंगीत तिकिटांच्या तुलनेत पिवळट कागदावरचे फिकट शिक्के कोणास खुणावत नाहीत. मात्र चौकटीजवळ संग्राहक स्वतः उभा असेल तर त्यास एखादा तांबडा शिक्का दाखवून प्रश्न विचारावा. उत्तर थोडक्यात मिळण्याची शक्यता कमीच.